‘निर्दोष असेल तर सुटेलच’ : पत्रकारांच्या अटकेविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीने आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘पत्रकारांच्या अटकेमागचे सत्य’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश पाठवला. ‘अनेकदा पुढे पाठवलेला’ अशी खूण त्यावर होतीच. खाली ताईने स्वतःचे दोन शब्द जोडले होते : ‘अगदी पटले.’ ताईने तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले आहे आणि मूलभूत हक्कांचे कलम मला पहिल्यांदा तिनेच समजावून सांगितले होते. अनोळखी माणसाने हा मजकूर पाठवला असता तर मी तो वाचून सोडून दिला असता. तिला तो पटावा, हे मला सहन झाले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

संदेशात पाच दावे आहेत. पहिला असा की, भारताच्या संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्य हा शब्दच नाही. दुसरा, या देशात पत्रकारितेसाठी कोणालाही अटक झालेली नाही, झाली ती गुन्ह्यांसाठी. तिसरा, अटक झालेला माणूस निर्दोष असेल तर न्यायालय त्याला सोडतेच, मग एवढी ओरड कशासाठी? चौथा, हे लोक सरकारच्या नावाखाली देशावर टीका करतात आणि तो देशद्रोह आहे. पाचवा, हा सगळा गलका परदेशी संस्थांच्या क्रमवारीवर उभा आहे आणि आणीबाणीत हेच लोक गप्प होते. यांपैकी तिसरा दावा सर्वांत घातक आहे, कारण तो सभ्य वाटतो. त्यावर सविस्तर लिहिणार आहे. बाकीच्यांना तेवढा वेळ देण्याची गरज नाही.

पहिला दावा शब्दशः खरा आहे, हे मान्य करावे लागते. संविधानाच्या एकोणिसाव्या कलमात ‘वृत्तपत्र’ हा शब्द नाही. मात्र तो का नाही, हे संदेश सांगत नाही. २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच आक्षेपाला उत्तर दिले होते. वृत्तपत्र म्हणजे नागरिकाचाच दुसरा उल्लेख आहे, संपादक लिहितो तेव्हा तो नागरिक म्हणून असलेला आपला अभिव्यक्तीचा हक्कच बजावत असतो, म्हणून वेगळ्या उल्लेखाची गरज नाही, असे त्यांच्या उत्तराचे सार होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली रोमेश थापर खटल्यात हीच भूमिका उचलून धरली. १९६१ साली पुण्याच्या ‘सकाळ’ने वृत्तपत्रांची पाने आणि किंमत सरकारने ठरवण्याच्या कायद्याला आव्हान दिले, तेव्हा न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. पत्रकाराला वेगळा हक्क नाही याचा अर्थ असा की, जे त्याच्याकडून काढून घेतले जाते ते ताईकडूनही काढून घेतले जाते.

दुसऱ्या दाव्यातही तथ्याचा एक तुकडा आहे. ओळखपत्र गळ्यात अडकवून बांधकाम व्यावसायिकांकडून, दुकानदारांकडून आणि अधिकाऱ्यांकडून खंडणी मागणारे लोक आहेत आणि त्यांच्यावर गुन्हे दाखल होतात, ते योग्यच आहे. त्यांचा आणि आपल्या विषयाचा मात्र काहीही संबंध नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये, राज्यात आणि केंद्रात काँग्रेस आघाडीचे सरकार असताना, असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. गुन्हा चित्रांचा होता. जून २०१९ मध्ये प्रशांत कनोजिया या पत्रकाराला उत्तर प्रदेश पोलिसांनी दिल्लीतून उचलून नेले, कारण समाजमाध्यमावर त्याने मुख्यमंत्र्यांविषयी मजकूर टाकला होता. त्या मजकुराशी आपण सहमत नाही असे स्पष्टपणे सांगूनही सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत त्याला सोडण्याचा आदेश दिला, कारण प्रश्न मजकूर आवडण्याचा नसून एका नागरिकाच्या स्वातंत्र्याचा होता.

त्याच वर्षी मिर्झापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत मुलांना माध्यान्ह भोजनात पोळी आणि मीठ वाढले जात असल्याची चित्रफीत पवन जयस्वाल या पत्रकाराने काढली. चित्रफीत खरी होती, मुलांच्या ताटात खरोखरच मीठ होते, तरीही फसवणूक आणि कटाचा गुन्हा जयस्वाल यांच्यावर नोंदवला गेला. मुद्रित माध्यमाचा पत्रकार असताना त्याने चित्रफीत काढलीच कशी, असा प्रश्न जिल्ह्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने जाहीरपणे विचारला. जयस्वाल यांना अटक झाली नाही आणि काही महिन्यांनी पोलिसांनी त्यांचे नावही वगळले. पण ‘गुन्हा’ हा शब्द किती सैलपणे वापरता येतो, याचा याहून स्पष्ट नमुना मला माहीत नाही. टीकेसाठी अटक असे कोणत्याही प्राथमिक माहिती अहवालात कधीच लिहिलेले नसते. तेथे कट, फसवणूक, शांतताभंग, दोन गटांत तेढ असेच लिहिलेले असते. म्हणून अहवालातला शब्द पुढे करून ‘पाहा, पत्रकारितेसाठी अटक झालीच नाही’ असे म्हणणे हा पुरावा होत नाही.

आता तिसरा दावा. ‘निर्दोष असेल तर सुटेलच.’ ताईला जे पटले ते मुख्यतः हेच वाक्य असणार, कारण न्यायालयावर तिचा विश्वास आहे आणि माझाही आहे. या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत : अटक झालेल्याचे म्हणणे लवकरच एखाद्या न्यायाधीशापुढे जाते आणि तो न्यायाधीश आरोप खरा की खोटा हे तपासून त्याला सोडतो किंवा ठेवतो. पत्रकारांविरुद्ध जे कायदे वारंवार वापरले गेले आहेत, त्यांत या दोन्ही गोष्टी घडत नाहीत.

राष्ट्रीय सुरक्षा कायदा घ्या. या कायद्याखाली माणसाला डांबण्याचा आदेश न्यायाधीश देत नाही, तो जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देऊ शकतो. माणसाने काय केले यासाठी ही कोठडी नसते. तो पुढे काय करील या अंदाजासाठी असते. स्थानबद्धतेची कारणे त्याला सामान्यतः पाच दिवसांत आणि अपवाद म्हणून पंधरा दिवसांपर्यंत कळवली तरी चालते. त्याचे प्रकरण सल्लागार मंडळापुढे जाते, पण तेथे वकील घेऊन उभे राहण्याचा हक्क त्याला नाही. खटला न चालवता त्याला बारा महिन्यांपर्यंत आत ठेवता येते. येथे निर्दोष ठरण्याची सोयच नाही, कारण दोष सिद्ध करण्याची पायरीच कायद्यात नाही.

मणिपूरमधील पत्रकार किशोरचंद्र वांगखेम यांचे उदाहरण ताईने नागरिकशास्त्राच्या वर्गात द्यावे असे आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी राज्याच्या मुख्यमंत्र्यांवर आणि पंतप्रधानांवर कडक, काहीशा शिवराळ भाषेत टीका करणारी चित्रफीत टाकली. त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. इंफाळच्या न्यायालयाने ही केवळ मतप्रदर्शनाची बाब असल्याचे म्हणत त्यांना सोडले. संदेशाच्या म्हणण्याप्रमाणे येथे प्रकरण संपायला हवे होते : माणूस निर्दोष होता, न्यायालयाने सोडले. प्रत्यक्षात सुटकेनंतर लगेचच त्यांना पुन्हा ताब्यात घेण्यात आले, या वेळी राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली, आणि एप्रिल २०१९ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करीपर्यंत ते तुरुंगात राहिले. न्यायालयाने सोडल्यामुळेच दुसरा कायदा काढावा लागला, हा क्रम लक्षात घ्यावा. मे २०२१ मध्ये शेण आणि गोमूत्राने करोना बरा होत नाही अशा आशयाच्या मजकुरासाठी त्यांना पुन्हा याच कायद्याखाली डांबले गेले आणि जुलैमध्ये पुन्हा न्यायालयाच्याच आदेशाने ते बाहेर आले.

काश्मीरमधील सज्जाद गुल या तरुण पत्रकाराचा क्रम हाच आहे. जानेवारी २०२२ मध्ये त्याला जामीन मिळाला आणि पाठोपाठ तेथील जनसुरक्षा कायद्याखाली स्थानबद्धतेचा आदेश आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सरकारच्या धोरणांच्या टीकाकारांना अशा रीतीने डांबणे हा प्रतिबंधक कायद्याचा दुरुपयोग आहे, असे नोंदवले. मधल्या जवळजवळ बावीस महिन्यांची भरपाई कोणत्याही निकालात नसते.

दुसरा कायदा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, ज्याला सर्वजण यूएपीए म्हणतात. यात न्यायाधीश असतो, खटलाही असतो, मात्र जामिनाचे दार अतिशय अरुंद असते. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटत असेल तर जामीन देऊ नये, असे त्याचे कलम सांगते, आणि जामिनाच्या टप्प्यावर पुराव्यांची छाननी करत बसू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली वटाली प्रकरणात म्हटले. म्हणजे पोलिसांनी कागदावर काय लिहिले आहे ते पाहायचे, ते कितपत टिकेल हे पाहायचे नाही. दोषारोपपत्रासाठी पोलिसांना एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते.

सिद्दीक कप्पन हे मल्याळी पत्रकार दिल्लीहून हाथरसला निघाले होते. तेथे एका दलित तरुणीवर अत्याचार होऊन तिचा मृत्यू झाला होता आणि पोलिसांनी रात्रीच तिच्यावर अंत्यसंस्कार केल्यामुळे देशभर संताप उसळला होता. ५ ऑक्टोबर २०२० रोजी मथुरेजवळ त्यांना वाटेतच अडवून अटक झाली. ते हाथरसला पोहोचले नाहीत, बातमीची एक ओळही त्यांनी लिहिली नाही. तुरुंगात असताना त्यांना करोना झाला. आजारी आईला भेटण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना फेब्रुवारी २०२१ मध्ये पाच दिवसांची मुभा दिली. त्या वर्षी जूनमध्ये आई गेली तेव्हा ते तुरुंगातच होते. ९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला. सुनावणीत सरन्यायाधीश लळीत यांनी विचारले होते की, पीडितेला न्याय मिळावा म्हणून आवाज उठवणे हा कायद्याच्या दृष्टीने गुन्हा आहे काय. त्या दिवशीही ते सुटले नाहीत, कारण सक्तवसुली संचालनालयाचे दुसरे प्रकरण उभे होते. त्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये जामीन दिला आणि २ फेब्रुवारी २०२३ रोजी ते लखनौच्या तुरुंगातून बाहेर आले. मी दिवस मोजले : आठशे पन्नास. एवढ्या काळात ते दोषी ठरले नव्हते आणि निर्दोषही ठरले नव्हते, कारण त्या प्रश्नापर्यंत खटला पोहोचलाच नव्हता. ‘सुटेलच’ म्हणणाऱ्याने या आठशे पन्नास दिवसांचे काय करायचे ते सांगावे.

या दाव्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगणे भाग आहे. ‘न्यूजक्लिक’ या वृत्तसंकेतस्थळाचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची सुटका हा त्यांच्या निर्दोषत्वाचा निकाल म्हणून अनेकांनी पुढे पाठवला; तो तसा नाही. चीनमधून आलेल्या पैशाविषयीचे आरोप न्यायालयाने त्या वेळी खरे किंवा खोटे ठरवले नाहीत. न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती मेहता यांच्या खंडपीठाने १५ मे २०२४ रोजी एवढेच ठरवले की, अटकेचा आधार त्यांना लेखी दिला गेला नव्हता, म्हणून ३ ऑक्टोबर २०२३ ची अटक आणि त्यानंतरची कोठडी दोन्ही बेकायदा होत्या. आमच्या बाजूच्या माणसांनीही निकाल नीट वाचले पाहिजेत. पण ‘एवढेच’ हा शब्द मी जपून वापरतो आहे. पकडलेल्या माणसाला का पकडले हे लेखी सांगणे ही संविधानाच्या बाविसाव्या कलमातली साधी अपेक्षा आहे, आणि ती पाळली गेली नव्हती हे कळायला सात महिन्यांहून अधिक काळ लागला.

हा दावा पुढे पाठवणाऱ्यांना मी एकच निकाल वाचायला सांगेन, आणि तो मुद्दाम त्यांच्या आवडत्या पत्रकाराचा सांगतो. ४ नोव्हेंबर २०२० रोजी, महाराष्ट्रात महाविकास आघाडीचे सरकार असताना, अर्णब गोस्वामी यांना रायगड पोलिसांनी अटक केली. प्रकरण बातमीचे नव्हते. आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपाचे, २०१८ सालचे होते. तरीही त्या दिवशी केंद्रीय मंत्र्यांनी हा वृत्तपत्रस्वातंत्र्यावरचा हल्ला आहे आणि आणीबाणीची आठवण येते असे जाहीर केले. ‘निर्दोष असतील तर सुटतीलच, ओरड कशाला’ असे त्यांच्यापैकी कोणीही म्हणाले नाही, आणि ते न म्हणणे बरोबरच होते. सात दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. नंतरच्या सविस्तर निकालपत्रात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिले की, स्वातंत्र्य एका दिवसासाठी हिरावले जाणे हेसुद्धा एका दिवसाने जास्त आहे. तो निकाल मला संपूर्ण मान्य आहे. एक दिवस जास्त असेल तर गुलचे बावीस महिने आणि कप्पन यांचे आठशे पन्नास दिवस काय आहेत, हे त्याच फूटपट्टीने मोजले पाहिजे. गोस्वामी यांची अटक अन्यायाची वाटत असेल तर तिसरा दावा मागे घ्यावा लागतो. दोन्ही एकत्र ठेवता येत नाहीत.

तुरुंगवास ज्याला घडतो त्याच्यापुरता तो राहत नाही, हेही या वाक्यात दडवले जाते. हाथरसच्या वाटेवर एकाला अटक झाली की त्या रस्त्याने जायचे की नाही, याचा विचार तालुक्याच्या ठिकाणी तुटपुंज्या मानधनावर काम करणारा प्रत्येक वार्ताहर करतो. त्याच्यामागे मोठे वृत्तपत्र नसते, दिल्लीतला वकील नसतो. न लिहिल्या गेलेल्या बातम्यांची नोंद कोणत्याही न्यायालयात होत नाही.

चौथ्या दाव्यावर, म्हणजे टीका म्हणजे देशद्रोह यावर, मराठी माणसाने तरी वाद घालू नये. १८९७ साली आणि पुन्हा १९०८ साली लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तल्या मजकुरासाठी राजद्रोहाच्या कलमाखाली शिक्षा झाली, दुसऱ्या वेळी सहा वर्षांची, मंडालेच्या तुरुंगात. १९१६ साली भाषणांबद्दल त्यांच्यावर पुन्हा कारवाई झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. स्वतंत्र भारतात १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात पाच न्यायमूर्तींनी मर्यादा आखली : हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच राजद्रोह, सरकारवरची टीका कितीही कठोर असली तरी नाही. ३ जून २०२१ रोजी पत्रकार विनोद दुआ यांच्याविरुद्धचा हिमाचल प्रदेशातला गुन्हा रद्द करताना, केदारनाथ निकालाचे संरक्षण प्रत्येक पत्रकाराला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत लिहिले. मे २०२२ मध्ये राजद्रोहाचे कलम न्यायालयाने स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही, पण सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणण्याचे १५२ वे कलम आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आसाम पोलिसांनी ‘द वायर’ या वृत्तसंकेतस्थळाच्या संपादकाला त्याच कलमाखाली समन्स पाठवले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला संरक्षण द्यावे लागले.

राहिला पाचवा. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या परदेशी संस्थेची वृत्तपत्रस्वातंत्र्याची क्रमवारी मोठ्या प्रमाणात तज्ज्ञांच्या प्रश्नावलीवर बेतलेली असते आणि तिच्या पद्धतीवर शंका घेता येते, हे मी मान्य करतो. १८० देशांत २०२३ साली भारत १६१ व्या स्थानावर होता आणि २०२५ साली १५१ व्या; या दहा स्थानांच्या फरकाने येथील वार्ताहराचे जगणे तेवढे बदलले असे मला वाटत नाही. पण वर दिलेल्या घटनांपैकी एकही त्या क्रमवारीतून घेतलेली नाही. त्यांतील आदेश सर्वोच्च न्यायालयाचे, मणिपूरचे, जम्मू-काश्मीरचे आणि अलाहाबादचे आहेत, आणि या संस्था परदेशी नाहीत.

आणीबाणीत सगळे गप्प होते, हे तर खोटेच आहे. अडीचशेहून अधिक पत्रकार तेव्हा तुरुंगात गेले, कुलदीप नय्यर त्यांच्यापैकी एक. पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाने सेन्सॉरशी झुंज दिली. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’च्या खटल्यात फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, सर्व वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नाही. आणीबाणीतल्या पत्रकारांची आठवण ज्याला खरोखर आहे, त्याने त्या अटकांचा दाखला आजच्या अटका झाकण्यासाठी वापरू नये. एप्रिल २०२० मध्ये वांद्रे स्थानकाबाहेर जमलेल्या गर्दीनंतर एका मराठी वृत्तवाहिनीच्या प्रतिनिधीला बातमीसाठी अटक करणारे पोलीस महाविकास आघाडीच्या सरकारचे होते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पश्चिम बंगालमधील संदेशखाली या गावात वृत्तांकन करणाऱ्या दूरचित्रवाणी वार्ताहराला पकडणारे पोलीस तृणमूलच्या सरकारचे. त्या वार्ताहराला कलकत्ता उच्च न्यायालयाने जामीन दिला. पक्ष कोणताही असो, मी या दोन्ही अटकांच्या विरोधात आहे.

हा मजकूर मी आधी ताईला पाठवला. तिने तो दोनदा वाचला, वांगखेम यांच्या प्रकरणातल्या तारखा पुन्हा विचारल्या आणि मग म्हणाली की, गटावरचा तो संदेश मी काढून टाकते. मी तिला तो राहू द्यायला सांगितले आहे. ज्या चाळीस नातेवाइकांनी तो वाचला, त्यांना हे उत्तर त्याच्याच खाली दिसायला हवे, आणि ते तिने स्वतःच्या नावाने पाठवावे अशी माझी तिला विनंती आहे.